नोकरी आणि घर सांभाळून चिंतनासाठी निवांत वेळ कसा काढावा?

आपण विचारले आहे की नोकरी, दोन लहान मुले आणि वृद्ध सासू-सासरे यांचे करता करता स्वतःपाशी बसायला पाव तासही मिळत नाही, पहाटे चारला उठण्याचा बेत तिसऱ्याच दिवशी फसला आणि आता देवघरासमोर हात जोडतानाही अपराधी वाटते. अशा वेळी काय करावे? मी साधक नाही. सोलापुरात शालेय गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्तर आहे, आणि मार्चपासून शाळा उघडेपर्यंत आमच्याकडे रविवारसुद्धा पाळला जात नाही, एवढ्या अनुभवावर हे लिहितो.

पहाटेचा हट्ट आधी सोडा. ब्राह्ममुहूर्ताच्या पावित्र्याबद्दल वाद नाही, पण तो दिवेलागणीनंतर लवकर निजणाऱ्यांच्या काळात ठरलेला आहे. एका वर्षी ऐन हंगामात मी रात्री अकराला घरी येऊन पहाटे चारला आसनावर बसू लागलो. आसनावर डुलक्या येत, त्या एक वेळ चालल्या असत्या. पण दहाव्या दिवशी दुपारी खाकी कापडाचे साठ थर टेबलावर अंथरून मी चोविसाच्या मापाच्या चड्डीऐवजी बाविसाचा फर्मा, म्हणजे कापायचा नमुना, ठेवला, खडूने आखले आणि मशीन फिरवून मोकळा झालो. मालक ओरडले नाहीत, कापलेला गठ्ठा हातात घेऊन नुसते उभे राहिले. त्या रात्रीपासून झोपेतून वेळ कापणे मी बंद केले.

वेळ मला सापडला तो पाण्यामुळे. उजनी धरणाचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरच्या जलवाहिनीने शहरात येते आणि आमच्या भागात नळाला त्याची पाळी काही दिवसांआड, तीही बहुधा रात्री-अपरात्री येते. मग उठून नळाला पाइप जोडायचा आणि पिंपे भरेपर्यंत जागे राहायचे. या वेळात मी मोबाइल चाळत बसायचो आणि पाण्याच्या नावाने बोटे मोडायचो. एकदा मोबाइल बंद पडला म्हणून पायरीवर नुसता बसून राहिलो. पिंप रिकामे असताना पाण्याचा आवाज घोगरा असतो आणि भरत येईल तसा बारीक होत जातो, हे इतक्या वर्षांत माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. तो आवाज ऐकता ऐकता, दुपारी हाताखालच्या पोराला काही कारण नसताना चार लोकांत बोललो होतो, ते आठवले आणि मान खाली गेली. चिंतन म्हणतात ते बहुधा येथून सुरू होत असावे.

म्हणून माझे सांगणे असे की नवा वेळ शोधू नका, दिवसात आपल्याला आधीच जिथे थांबावे लागते ती जागा धरा. कुकर गॅसवर चढवल्यापासून शिट्ट्या होईपर्यंतचा वेळ, मुलाचा क्लास सुटण्याची वाट पाहतानाचा वेळ, डबा खाऊन झाल्यावरची दहा मिनिटे; यांपैकी एकच निवडा आणि त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत किंवा पिशवीच्या तळाशी ठेवा. काय करायचे हा प्रश्न फार मोठा करू नये. पाठ असलेला एखादा अभंग मनात सावकाश म्हणावा, किंवा आज आपण कोणाशी कसे वागलो एवढे आठवावे. मन भटकणारच, ते भटकले म्हणून उठू मात्र नये.

शांत जागा नाही, ही तक्रार मी शेजारच्या लिंगायत आजींकडे पाहून सोडली. एका खोलीचे घर, नातवंडांचा गोंधळ आणि भिंतीपलीकडे यंत्रमागाची खटखट. तरी त्या अंघोळ करून विभूती लावतात, गळ्यातल्या डबीतून इष्टलिंग, म्हणजे अंगावर धारण करायचे छोटे शिवलिंग, काढून डाव्या तळहातावर ठेवतात आणि त्यावर नजर लावून बसतात. त्यांचे देऊळ तेवढेच, तळहाताएवढे.

याच संदर्भात सिद्धरामेश्वरांची कथा मला फार जवळची वाटते. बाराव्या शतकात सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, त्यांनी तलाव खोदायला घेतला होता आणि अडुसष्ट लिंगांची स्थापनाही त्यांचीच. शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या काळच्या शिवभक्तांच्या परंपरेत असे सांगतात की त्यांच्यातले ज्येष्ठ संत अल्लमप्रभू तेथे आले आणि त्यांनी सिद्धरामांचा उल्लेख नुसता खोदकाम करणारा म्हणून केला, तेव्हा कामावरचे लोक चिडून त्यांच्यावर दगड घेऊन धावले. पुढे सिद्धराम अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणला, गेले आणि बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून त्यांनी इष्टलिंगाची दीक्षा घेतली. एवढे लोकोपयोगी काम करणाऱ्यालाही, आत काय चालले आहे हे विचारणारे कोणी भेटावे लागले. मात्र त्यासाठी तलाव कोणी बुजवला नाही. तो आजही सिद्धेश्वर मंदिराभोवती आहे.

घरच्यांना मात्र हे सांगून ठेवा. लपूनछपून डोळे मिटून बसलेले माणूस आजारी वाटते आणि सासूबाई काळजीने हाक मारणारच. माझ्या मुलीला आता ठाऊक आहे की पिंप भरेपर्यंत बाबांशी बोलायचे नाही, फक्त पाणी सांडू लागले तर हाक मारायची. हंगामात माझे एवढ्यावरच भागते. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर तासभर बसणे मी जुलैवर टाकले आहे.