गरीब मुलं मोजायची नोकरी

प्रश्न : मुलगी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. प्रोजेक्टसाठी तिनं राज्यवार बालदारिद्र्य घेतलं आणि आता याच कामात पुढे जायचं म्हणते. तिचे बाबा म्हणतात, सरकारचे आकडे आयते मिळतात, त्यात करिअर कसलं? सहा महिन्यांचा डेटा सायन्सचा कोर्स कर आणि नोकरीला लाग. काय करावं?
– एक आई

उत्तर : ताई, आधी बाबांच्या ‘आयते’बद्दल बोलते.

मुलाला स्वतःची मिळकत नसते, त्यामुळे गरिबी मोजतात ती कुटुंबाची. दहा घरांची वस्ती धरा. तीन घरं गरीब, प्रत्येकात चार मुलं. उरलेल्या सात घरांत एकेक. घरं मोजली तर गरिबी ३० टक्के. मुलं मोजली तर १९ पैकी १२, म्हणजे ६३ टक्के. यातला कुठला आकडा कशासाठी वापरायचा, हे कुणाला तरी ठरवावं लागतं. ते ठरवायचा पगार मिळतो.

आता आपल्याच राज्याचं बघा. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकानुसार (यात मिळकत नव्हे, तर आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतल्या उणिवा मोजतात) महाराष्ट्रातली गरिबी २०१५-१६ मधल्या १४.८० टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्क्यांवर आली. हा निर्देशांक ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावर उभा आहे, तेच सर्वेक्षण सांगतं की राज्यात वयाच्या मानानं उंची खुंटलेली पाच वर्षांखालची मुलं याच काळात ३४.४ वरून ३५.२ टक्के झाली. गरिबी जवळपास निम्मी झाली, मुलांची उंची मात्र होती तिथेच! गॅस, वीज, बँक खातं यांनी निर्देशांक भराभर सुधारतो. बाळाची उंची तशी सुधारत नाही. आणि ३४.४ चे ३५.२ होणं ही खरी वाढ की नमुन्यातला चढउतार, हे प्रमाण त्रुटी (नमुन्यावरून काढलेला आकडा साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो याचं माप) काढल्याशिवाय कुणी छातीठोकपणे सांगू नये. बातम्यांत ते सर्रास सांगितलं जातं, तो भाग वेगळा.

खरी कसोटी राज्याच्या खाली उतरल्यावर लागते. एखाद्या जिल्ह्यात नमुन्यात १०० मुलं आली आणि २० गरीब निघाली, तर खरा आकडा साधारण १२ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. ही रुंदी निम्मी करायची तर मुलं चौपट हवीत. शिवाय या सर्वेक्षणात निवडलेल्या प्रत्येक गावातून साधारण २२ घरं घेतात, आणि शेजारची घरं बऱ्याचदा एकसारखीच असतात, म्हणजे प्रत्यक्षात त्रुटी आणखी मोठी. मग जनगणना, सरकारी नोंदी अशा दुसऱ्या माहितीचा आधार घेऊन छोट्या क्षेत्राचा अंदाज सावरावा लागतो. फे आणि हेरियट या संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत यासाठी आजही वापरतात. अमेरिकेत जनगणना विभाग दरवर्षी राज्य, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आणि शाळा-जिल्हा पातळीवर गरीब मुलांचे असे अंदाज काढतो आणि शाळांचा केंद्रीय निधी त्यावर वाटला जातो. तिथे अंदाज चुकला की कुठल्या तरी शाळेचे पैसे कमी होतात.

राहिला नोकरीचा प्रश्न. भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. संख्याशास्त्र विषय घेऊन पदवी झाली की पुरते, वयोमर्यादा २१ ते ३०. एक हजार गुणांच्या लेखी परीक्षेत आठशे गुण संख्याशास्त्राचेच असतात. जागा मात्र मोजक्या, म्हणून फक्त तिच्यावर विसंबू नका. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी होता येतं. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहेच. संशोधन संस्थांतली कामं बहुधा कंत्राटी, प्रकल्प संपला की नवीन शोधा; हे तिला आताच माहीत असू द्या.

माझं मत विचाराल तर आधी एम.एस्सी. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत जैवसांख्यिकी आणि लोकसंख्याशास्त्राची एम.एस्सी. आहे, कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम हीच संस्था बघते. नमुना निवड शिकलेली आणि ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणक भाषेत सफाईनं काम करणारी मुलगी उद्या विमा, बँक किंवा औषध कंपनीतही सहज जाईल. सहा महिन्यांचा कोर्स करून नमुना निवड येत नाही. बाबांना हवा तर तो कोर्स एम.एस्सी.च्या सुट्टीत होऊ दे.

एक मात्र बघा. सुट्टीत एखाद्या पाहणीत तिला घरोघरी प्रश्नावली भरायला जाऊ द्या. ‘गेल्या महिन्यात तेलावर किती खर्च झाला?’ असं विचारल्यावर समोरची बाई आधी नवऱ्याकडे, मग छताकडे बघते आणि एक गोल आकडा सांगते. ते पाहूनही तिला हेच काम करायचं असेल, तर अडवू नका. तोवर प्रोजेक्टमधल्या प्रत्येक राज्याच्या आकड्यापुढे त्याची प्रमाण त्रुटी लिहायला सांगा. राज्यांची क्रमवारी लावायची ती त्यानंतर.