अमेरिकी विद्यापीठात खेळाडू म्हणून प्रवेश: गुणांचे निकष नेमके कोणाचे?

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीने यंदा महाराष्ट्र बोर्डातून दहावीची परीक्षा दिली आहे, ती राष्ट्रीय पातळीवर टेनिस खेळते आणि अमेरिकेतील दोन विद्यापीठांच्या प्रशिक्षकांशी तिचा पत्रव्यवहार सुरू झाला आहे, असे आपण कळवलेत. प्रशिक्षकाने पसंती दिल्यावर गुणांची अट कितपत उरते, अकरावीला कोणती शाखा घ्यावी आणि बारावीनंतर एक वर्ष केवळ टेनिससाठी द्यावे का, हे आपले तीन प्रश्न आहेत. मी इथे अमेरिकेतील एका विद्यापीठात खेळाडू विद्यार्थ्यांना अभ्यासाबाबत सल्ला देण्याचे काम गेली बरीच वर्षे करते आहे. ही मुले प्रवेशानंतर माझ्या टेबलासमोर येऊन बसतात, तेव्हा त्यांच्या प्रवेशाच्या वेळी झालेले निर्णय मला रोज दिसतात. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा हे लक्षात घ्यावे की इथे तीन वेगवेगळ्या जागी, तीन वेगवेगळी माणसे निर्णय घेतात. संघात जागा द्यायची की नाही हे प्रशिक्षक ठरवतात. विद्यार्थिनी सामने खेळण्यास पात्र आहे की नाही हे महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणारी एनसीएए ही संस्था ठरवते. प्रवेश द्यायचा की नाही हे मात्र विद्यापीठाचे प्रवेश कार्यालय ठरवते. प्रशिक्षकाच्या शब्दाला तिथे वजन असते, आणि काही ठिकाणी ते फार मोठे असते. पण प्रवेशपत्रावर सही प्रवेश कार्यालयाची असते. प्रशिक्षकाचा उत्साही ईमेल आला की घरात प्रवेश झाल्यासारखे वातावरण होते, आणि तिथेच पालकांची फसगत सुरू होते.

एनसीएएची अट किमान पातळीची आहे. डिव्हिजन वन या सर्वोच्च गटात खेळण्यासाठी शालेय शिक्षणाच्या शेवटच्या चार वर्षांत, म्हणजे आपल्याकडच्या नववी ते बारावीत, १६ कोअर कोर्स, म्हणजे मुख्य विषयांचे अभ्यासक्रम, पूर्ण झालेले असावे लागतात आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, लागतो. डिव्हिजन टूसाठी कोअर कोर्स तितकेच आहेत, जीपीए २.२ चालतो. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही आणि गुणांचे निकष ज्या त्या महाविद्यालयाचे स्वतःचे असतात. १६ कोर्समध्ये इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांचे प्रमाण ठरवून दिलेले आहे. टक्क्यांना २५ ने भागून जीपीए काढण्याची जी पद्धत आपल्याकडे पसरली आहे तिच्यावर विसंबू नये, कारण एनसीएएचे पात्रता केंद्र प्रत्येक देशाच्या गुणपत्रिका स्वतःच्या कोष्टकानुसार तपासते.

शाखेच्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. विज्ञान शाखेत अडचण येत नाही, आणि कला शाखेत गणित ठेवले तर तीही चालू शकते. वाणिज्य शाखा घ्यायची असेल, तर अर्थशास्त्र आणि गणित यांचा उपयोग होतो. पुस्तपालन किंवा चिटणिसाची कार्यपद्धती हे विषय कोअर कोर्समध्ये धरले जातील असे मात्र गृहीत धरू नये. याहून महत्त्वाची गोष्ट अकरावीची आहे. महाराष्ट्रात अकरावी हे विसाव्याचे वर्ष मानले जाते, आणि खेळाडू मुले तर वर्गात न जाता परीक्षेपुरती उपस्थिती लावतात. इथे मात्र नववी आणि अकरावीच्या गुणपत्रिका दहावी-बारावीइतक्याच बारकाईने पाहिल्या जातात. हे चार वर्षांचे शिक्षण वेळेत संपवणेही आवश्यक आहे. बारावीला कमी गुण पडले तर पुढच्या वर्षी पुन्हा बसून सुधारू, हा आपला नेहमीचा मार्ग इथे जवळजवळ बंद असतो.

एसएटी या अमेरिकी प्रवेशपरीक्षेबद्दल सध्या बराच गोंधळ आहे. एनसीएएने खेळण्याच्या पात्रतेसाठी प्रवेशपरीक्षेची अट २०२३ च्या जानेवारीत कायमची काढून टाकली, ही बातमी खरी आहे. पण एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, ब्राउन आणि हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये आपल्या प्रवेशासाठी परीक्षेतील गुण पुन्हा मागण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे मुलीने एसएटी द्यावीच. टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची मागणीही विद्यापीठाकडून वेगळी येऊ शकते.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येते. खेळाडूंसाठी निकष शिथिल होतात का? होतात, आणि कधीकधी कल्पनेपलीकडे होतात. प्रवेशात भेदभाव होतो या आरोपावरून हार्वर्डविरुद्ध चाललेल्या खटल्यात २०१८ मध्ये जी आकडेवारी न्यायालयासमोर आली, तीत वादी पक्षाच्या अर्थतज्ज्ञाने दाखवले की प्रशिक्षकांनी निवडलेल्या अर्जदारांपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. अभ्यासाच्या मूल्यमापनात खालची मानली जाणारी चौथी श्रेणी मिळालेल्या खेळाडूंपैकी सुमारे ७० टक्के आत गेले होते. त्याच श्रेणीच्या इतर विद्यार्थ्यांत हे प्रमाण हजारात एकही नव्हते. मात्र हे आकडे वाचून कमी गुणांवरही काम होईल असा निष्कर्ष काढू नये. हार्वर्ड आयव्ही लीग या आठ नामांकित विद्यापीठांच्या गटात आहे, आणि तिथे आठही विद्यापीठांनी अ‍ॅकॅडमिक इंडेक्स नावाचा निर्देशांक मान्य केलेला आहे. शाळेतील गुण आणि परीक्षेतील गुण यांवरून प्रत्येक खेळाडूचा आकडा काढला जातो, आणि निवडलेल्या खेळाडूंची सरासरी त्या विद्यापीठातील एकूण विद्यार्थ्यांच्या सरासरीपासून ठरावीक अंतराच्या आत राहावी लागते. याचा व्यवहारातील अर्थ असा की प्रशिक्षकाला एखादा असामान्य खेळाडू कमी गुणांवर घ्यायचा असेल, तर त्याची भरपाई करणारे, उत्तम गुणांचे खेळाडू त्याला हवेच असतात. आपली मुलगी अभ्यासात खरोखर चांगली असेल, तर हीच तिची सर्वात मोठी ताकद आहे, आणि ती तिने पहिल्याच पत्रात सांगावी.

आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, मदत कुटुंबाच्या आर्थिक गरजेवर ठरते. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट यांसारखी डिव्हिजन थ्रीमधील महाविद्यालये प्रवेश कार्यालयाकडून गुणपत्रिकांची आधीच तपासणी करून घेतात; तिला प्री-रीड म्हणतात. तो अभिप्राय अनुकूल असला तरी ती प्रवेशाची हमी नसते.

डिव्हिजन वनमधील मोठ्या सरकारी विद्यापीठांची रीत वेगळी आहे. तिथे सर्वसामान्य विद्यार्थ्यांची पातळी पूर्ण करू न शकणाऱ्या, पण विशेष गुण असलेल्या थोड्या अर्जदारांना समितीच्या मंजुरीने घेण्याची तरतूद अनेक ठिकाणी असते आणि तिचा लाभ खेळाडूंना मोठ्या प्रमाणात होतो. भारतीय मुलांसाठी हा मार्ग अनोळखी नाही: सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ मध्ये एकेरीचा महाविद्यालयीन विजेता ठरला, तर पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. परंतु शिथिल निकषाची किंमत प्रवेशानंतर मोजावी लागते. दर सत्राला किमान १२ क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या भाराची एकके, घ्यावी लागतात, ती विद्यार्थी व्हिसाचीही अट आहे. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण झालेला असावा लागतो. सरावाची अधिकृत मर्यादा आठवड्याला २० तास आहे, प्रवास आणि उपचार यांचा वेळ त्यात येत नाही. वर्गातील बाकीची मुले ज्या तयारीने आलेली असतात, ती तयारी नसलेल्या मुलीला या वेळापत्रकात सावरायला जागा उरत नाही. या दरीचे टोक नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात दिसले: १८ वर्षे तिथे प्रत्यक्ष वर्गच न भरणारे कोर्स चालू होते, त्यांचा लाभ ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी घेतला आणि त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू होते, असे २०१४ च्या चौकशी अहवालात नमूद आहे. त्या मुलांना हवे होते ते शिक्षण मिळालेच नाही, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की खांदा दुखावून टेनिस उद्या थांबले, तरी ज्या वर्गात ती टिकेल असेच विद्यापीठ निवडावे.

मध्यस्थांविषयीही लिहायला हवे. २०१९ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात रिक सिंगर या सल्लागाराने पैसे घेऊन, कधीच न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून प्रवेश मिळवून दिले होते. त्यात जॉर्जटाउनच्या माजी टेनिस प्रशिक्षकाला तुरुंगवास झाला. तेव्हापासून प्रशिक्षकांनी सुचवलेली नावे अनेक विद्यापीठांत अधिक काटेकोरपणे पडताळली जातात. हमखास प्रवेशाचे आश्वासन देणाऱ्या, किंवा मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर टक्केवारी मागणाऱ्या कोणाशीही करार करू नये. अशा टक्केवारीमुळे मुलीची खेळण्याची पात्रताच धोक्यात येते.

बारावीनंतरच्या वर्षाबाबत माझा सल्ला नकारार्थी आहे. शाळा संपल्यावर प्रवेश न घेता स्पर्धा खेळत राहिल्यास खेळण्याच्या वर्षांतून कपात होऊ शकते, आणि टेनिससाठी दिलेली सवलतीची मुदत इतर बहुतेक खेळांपेक्षा कमी ठेवलेली आहे. शिवाय खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या दाव्यातील २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारलेल्या विद्यापीठांत टेनिस संघाची मर्यादा १० खेळाडूंची झाली आहे. जागा मोजक्या आहेत, आणि त्यांच्यासाठी युरोपातील वयाने मोठे, अनुभवी खेळाडूही रांगेत असतात. नियम सध्या वेगाने बदलत आहेत, तेव्हा प्रत्येक निर्णयाआधी एनसीएएच्या संकेतस्थळावरील चालू वर्षाचा मजकूर वाचावा.

दोन्ही प्रशिक्षकांना मुलीने स्वतः लिहून विचारावे: माझ्या गुणपत्रिका प्रवेश कार्यालयाने पाहिल्या आहेत का, त्यांचा अभिप्राय काय आहे, आणि गेल्या काही वर्षांत तुम्ही पाठिंबा दिलेल्यांपैकी किती जणांना प्रवेश नाकारला गेला? शेवटच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देणारा प्रशिक्षक विश्वासार्ह समजायला हरकत नाही. दरम्यान शाळेतून नववीची गुणपत्रिका शिक्का आणि सहीसह काढून ठेवावी, कारण काही वर्षांनी ती मिळवणे फार अवघड जाते. प्रशिक्षकांची उत्तरे आली की मला पाठवावीत. त्यांतले कोणते वाक्य आश्वासन आहे आणि कोणते केवळ सौजन्य, हे मी वाचून कळवीन.