वाचकांचे प्रश्न : ग्रँड पियानोच्या ध्वनिमुद्रणासाठी जागा कोणती निवडावी?

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची असून गेली ११ वर्षे पियानो शिकत आहे. परदेशातील एका संगीत महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी तिला बाखची एक फ्यूग, बेथोवेनच्या एका सोनाटाचा पहिला भाग आणि शोपँची एक रचना ध्वनिमुद्रित करून पाठवायची आहे. आमच्यासमोर दोन जागा आहेत. पहिली म्हणजे एक व्यावसायिक स्टुडिओ. तेथील खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे, भिंतींना सर्वत्र फोम लावलेला आहे आणि पियानो सहा फुटी आहे. दुसरी जागा म्हणजे एका जुन्या शाळेचे सभागृह. ते १६ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ७ मीटर उंच आहे, तेथील सात फुटी पियानो उत्तम स्थितीत आहे, परंतु खिडक्या रस्त्याच्या बाजूला आहेत. बहुतेक जण स्टुडिओच घ्या असे सांगतात. आपले मत काय?
— एक पालक, पुणे

उत्तर : रस्त्याचा आवाज टाळता येईल अशी वेळ मिळत असेल, तर निःशंकपणे सभागृह घ्यावे. आपण दोन्ही जागांची मापे कळवली आहेत, त्यामुळे या मताची कारणे आकड्यांनिशी सांगता येतात.

पियानोच्या सर्वांत डावीकडील सुराची वारंवारता २७.५ हर्ट्झ असते आणि हवेत त्याची तरंगलांबी सुमारे साडेबारा मीटर भरते. एवढा लांब तरंग पाच मीटरच्या खोलीत मोकळेपणाने पसरू शकत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या तरंगाची अर्धी लांबी नेमकी बसते, त्या सुराला खोली स्वतःच साथ देऊ लागते, आणि त्याच्या शेजारच्या सुरांना मात्र ती साथ मिळत नाही. स्टुडिओच्या लांबीमुळे असा अनुनाद सुमारे ३४ हर्ट्झला, रुंदीमुळे ४३ हर्ट्झला आणि उंचीमुळे ५७ हर्ट्झला निर्माण होईल. पेटीच्या भाषेत सांगायचे तर हे सूर अनुक्रमे काळी एक, पांढरी चार आणि काळी पाच यांच्या अगदी जवळ येतात, आणि ते तिन्ही पियानोच्या डावीकडील पहिल्या पूर्ण सप्तकातच आहेत. म्हणजे आपल्या मुलीने डाव्या हाताने सर्व सूर सारख्याच वजनाने वाजवले, तरी त्यांपैकी काही घुमतील आणि काही दबून जातील. ऐकणाऱ्या परीक्षकांना हा दोष खोलीचा न वाटता वादनाचा वाटण्याची शक्यता असते, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच.

हे अनुनाद वरच्या सुरांमध्ये इतके दाट होतात की ते एकमेकांत मिसळून जातात आणि वेगवेगळे जाणवेनासे होतात. ही सीमा साधारण कोठे येते ते काढण्याचे एक सोपे सूत्र जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांनी दिले आहे. निनादकाळाला, म्हणजे आवाज बंद झाल्यावर त्याचा निनाद ६० डेसिबलने विरण्यास लागणाऱ्या सेकंदांना, खोलीच्या घनफळाने भागावे, भागाकाराचे वर्गमूळ काढावे आणि त्याला २,००० ने गुणावे. स्टुडिओचे घनफळ ६० घनमीटर आहे. खालच्या सुरांसाठी निनादकाळ अर्धा सेकंद धरला, तर ही सीमा १८० हर्ट्झच्या थोडी वर येते. याचा अर्थ ८८ पट्ट्यांपैकी डावीकडच्या सुमारे ३४ पट्ट्यांचे मूळ सूर खोलीच्या मर्जीवर राहतात. सभागृहाचे घनफळ १,१२० घनमीटर आहे. तेथे निनादकाळ १.४ सेकंद धरल्यास सीमा ७० हर्ट्झच्या आसपास येते आणि अशा पट्ट्या जेमतेम १७ उरतात.

भिंतींवरील फोममुळे ही अडचण कमी होत नाही, उलट एका अर्थाने वाढते. पाच सेंटीमीटर जाडीचा फोम वरचे सूर चांगले शोषून घेतो, परंतु खर्जाच्या सुरांवर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. त्यामुळे तार सप्तकाची चमक नाहीशी होते आणि खालचा घुमारा मात्र तसाच राहतो. बोलण्याच्या किंवा गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला अशी खोली योग्य असू शकते, कारण तेथे माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असतो आणि मानवी आवाज इतका खाली उतरत नाही. पियानोचे तसे नाही. त्याचा ध्वनी एका बिंदूतून येत नसून दीड मीटर रुंद आणि दोन मीटर लांब अशा संपूर्ण ध्वनिफलकातून, म्हणजे तारांखालच्या लाकडी फळीतून, उघड्या झाकणावरून आणि खालच्या बाजूने जमिनीकडेही पसरतो. हे सर्व एकत्र होऊन वाद्य म्हणून ऐकू येण्यासाठी माइक दीड ते अडीच मीटर दूर ठेवावा लागतो.

येथेच उंचीचा प्रश्न येतो. माइक दोन मीटर दूर आणि दीड मीटर उंच ठेवला, तर तीन मीटरवरच्या छताला आपटून येणारा ध्वनी थेट ध्वनीनंतर केवळ ६ मिलिसेकंदांत माइकपर्यंत पोहोचतो आणि त्यात मिसळून त्याचा पोत बिघडवतो. डब्यात वाजवल्यासारखा जो आवाज आपण पुष्कळ घरगुती ध्वनिमुद्रणांत ऐकतो, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. छत सात मीटरवर असेल तर तोच ध्वनी सुमारे २८ मिलिसेकंद उशिरा आणि बराच क्षीण होऊन येतो. मग कानाला तो विकृती म्हणून जाणवत नाही, जागेचा मोकळेपणा म्हणून जाणवतो. म्हणूनच मी जागा पाहायला गेलो की भिंतींच्या आधी छताकडे पाहतो. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनीही जुनी चर्च आणि सभागृहे यासाठीच निवडली. न्यूयॉर्कमध्ये तिसाव्या रस्त्यावरील एका जुन्या चर्चचा कोलंबिया कंपनीने स्टुडिओ केला होता, आणि पियानोवादक ग्लेन गूल्डने १९५५ साली बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चे जे ध्वनिमुद्रण केले ते तेथेच.

आता सभागृहाची परीक्षा कशी करावी ते सांगतो. सभागृह रिकामे असताना मध्यभागी उभे राहून एकदा जोराने टाळी वाजवावी. निनाद सारखा विरत गेला तर उत्तम. मात्र समांतर भिंतींमधून फडफडल्यासारखा तुटक प्रतिध्वनी आला, तर एका भिंतीसमोर जाड पडदा किंवा पुस्तकांची कपाटे हवीत. एकल पियानोसाठी १.२ ते १.८ सेकंद निनादकाळ मला योग्य वाटतो. फ्यूगमध्ये अनेक स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी चालतात, त्यांतील प्रत्येक वेगळी ऐकू येण्यासाठी निनादकाळ कमी असलेला बरा, तर शोपँसाठी थोडा जास्त चालतो. तो जास्तच वाटला तर खुर्च्यांवर गाद्या अंथरून कमी करता येतो. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी १८९५ नंतर एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनीही शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून आणि मोजून हाच प्रयोग केला होता. निनादाचे गणित त्यातूनच उभे राहिले.

पियानो रंगमंचाच्या आत, पडद्यांच्या मध्ये ठेवू नये. तेथे सभागृहाच्या उंचीचा लाभच मिळत नाही. तो रंगमंचाच्या पुढच्या कडेपर्यंत आणावा आणि मागचा पडदा पूर्ण सारून टाकावा. खाली सभागृहात उतरवता आला तर अधिक चांगले, परंतु ते काम पियानो हलवण्याची सवय असलेल्या माणसांकडूनच करून घ्यावे. वाद्य भिंतीला समांतर न ठेवता थोडे तिरके आणि सभागृहाच्या मध्यरेषेपासून किंचित बाजूला ठेवावे.

राहिला रस्त्याचा आवाज. मला यात तडजोड मान्य नाही. शोपँच्या रचनेतील शेवटचा सूर दहा-बारा सेकंद विरत जातो आणि त्या शांततेत दुचाकीचा हॉर्न आला तर ते ध्वनिमुद्रण वाया गेले असेच समजावे. रात्री अकरानंतरची वेळ मागून घ्यावी, पंखे, वातानुकूलन आणि गुणगुणणाऱ्या ट्यूबलाइट बंद ठेवाव्यात. आदल्या रात्री त्याच वेळी जाऊन दहा मिनिटांची नुसती शांतता मुद्रित करावी आणि हेडफोन लावून ऐकावी. त्या दहा मिनिटांत सलग तीन मिनिटे निर्वेध मिळत नसतील, तर सभागृह कितीही सुरेल असले तरी दुसरे शोधावे.

प्रश्न : माझा सहा फुटी पियानो १२ बाय १४ फुटांच्या खोलीत आहे आणि तो हलवणे शक्य नाही. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले आणि नंतर संगणकावर निनाद मिसळला, तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अंड्यांचे ट्रे लावू नयेत. ते ध्वनी फारसे शोषत नाहीत आणि लवकर पेट घेतात. त्याऐवजी खोलीच्या कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत, कापडात घट्ट गुंडाळलेले किमान १५ सेंटीमीटर जाडीचे रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंचे ध्वनिशोषक थर, उभे करावे, कारण खालच्या सुरांचा दाब कोपऱ्यांत सर्वाधिक असतो. कापसाच्या गाद्यांच्या वळकट्याही काही प्रमाणात उपयोगी पडतात. दार शेजारच्या खोलीत उघडत असेल तर ते उघडे ठेवून पाहावे. माइक झाकणाच्या कडेशी, तारांपासून अर्ध्या मीटरवर आणावेत. मग खोली कमी ऐकू येईल, मात्र हातोड्यांचा आणि पेडलचा आवाज वाढेल. संगणकावर मिसळलेला निनाद या ध्वनीला मोठ्या जागेचा आभास देऊ शकतो, परंतु खोलीने घुमवलेला किंवा दाबलेला सूर त्यातून पूर्ववत होत नाही. सरावाच्या नोंदींसाठी ही व्यवस्था पुरेशी आहे. महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणासाठी मात्र पियानो असलेले सभागृह एका दिवसासाठी भाड्याने घ्यावे, असाच माझा आग्रह राहील.

प्रश्न : आमच्या गावातील जुन्या चर्चमध्ये पियानो नेऊन जुलैमध्ये ध्वनिमुद्रण करण्याचा विचार आहे. निनाद बराच मोठा आहे. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, गोवा

उत्तर : चिऱ्याच्या जाड भिंती बाहेरचा आवाज चांगला अडवतात, त्यामुळे जागेची निवड मला आवडली. महिना मात्र बदलावा. पावसाळी हवेतील ओलाव्याने पियानोचा ध्वनिफलक फुगतो, तारांवरचा ताण वाढतो आणि सूर चढतो, तोही सर्व सप्तकांत सारखा नव्हे. शिवाय कौलांवर पडणाऱ्या पावसाचा आवाज कोणत्याही युक्तीने काढता येणार नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य ठरेल. पियानो आणल्यावर त्याला किमान एक पूर्ण दिवस त्याच हवेत राहू द्यावे, मग सुरात लावून घ्यावा आणि ट्यूनरला ध्वनिमुद्रण संपेपर्यंत थांबवून ठेवावे. निनाद तीन सेकंदांपेक्षा जास्त असेल तर माइक दीड मीटरच्या आत आणावेत आणि जलद रचना टाळून संथ रचना निवडाव्यात. चर्चमधील घंटेच्या आणि प्रार्थनेच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात, आणि कबुतरे आत येत असतील तर संध्याकाळनंतरचीच वेळ ठरवावी.