रत्नागिरीत दारूशिवाय शनिवारची संध्याकाळ कशी घालवावी?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: पुण्याहून बदली होऊन रत्नागिरीत आलात, दारू पूर्ण बंद केली आहे, ऑफिसमधली मंडळी दर शनिवारी कुणाच्या तरी गच्चीवर ‘बसतात’ आणि तुम्ही नाही म्हणायला लागल्यापासून संध्याकाळ खोलीत मोबाईल बघत जाते. ‘समुद्रावर फिरा, रत्नदुर्ग बघा, थिबा पॅलेस बघा’ असं प्रत्येकजण सांगतो. ते बघून झालं, आता पुढे काय?

मी इथलाच, मांडवीकडे राहतो, पीत नाही. माझ्या जवळच्या एका मित्रानेही तुमच्यासारखीच मध्येच सोडली, तेव्हा या प्रश्नावर आम्ही दोघांनी बराच विचार केलेला आहे.

अडचण जागांची नाही, वेळेची आहे. बसायचा कार्यक्रम इतका सहज का जमतो? कारण त्याची वेळ ठरलेली असते, माणसं ठरलेली असतात आणि कुणाला वेगळं बोलवावं लागत नाही. त्याऐवजी तुम्हाला लोक सुचवतात सूर्यास्त. थिबा पॉइंटवरून भाट्याच्या खाडीत उतरणारं ऊन बघाल, फार सुंदर दिसतं, पण पावणेसातला सूर्य बुडतो आणि साडेसातला तुम्ही पुन्हा खोलीवर. अवघड वेळ तिथूनच सुरू होते. म्हणून सात ते अकरा या वेळात या गावात काय चालू असतं, ते आधी सांगतो.

पहिलं नाव नाटकाचं. राज्य शासनाची हौशी नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि रत्नागिरी हे तिचं एक केंद्र. साधारण दिवाळीनंतर स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात रोज संध्याकाळी एक नाटक, तिकीट अगदी नाममात्र. प्रयोग करणारे कोण, तर शिक्षक, बँकेतले, दुकानदार, आसपासच्या गावांतली मुलं. काही प्रयोग फसतात, काही असे होतात की लोक मध्यंतरात चहा सोडून त्यावरच भांडत असतात. पण बघण्यापेक्षा मी तुम्हाला त्यात शिरायला सांगेन. स्पर्धेच्या आधी महिना-दोन महिने तालमी चालतात, त्या सगळ्यांच्या नोकऱ्या सुटल्यावर, म्हणजे रात्री आठनंतर. अभिनय येत नसला तरी चालतं. नेपथ्याच्या चौकटी ठोकायला, लाइट धरायला, प्रॉम्प्टिंगला, कपड्यांच्या पेट्या सांभाळायला माणूस कायम कमी असतो. माझा मित्र असाच शिरला. पहिले काही दिवस फक्त चहा आणून द्यायचा, मग संगीताची कळ त्याच्या हातात आली. अंधारात विंगेत उभं राहायचं, समोर संहिता, विजेरीवर लाल कागद गुंडाळलेला, आणि नटाने ठरावीक शब्द उच्चारला रे उच्चारला की नेमक्या त्या क्षणी आवाज सोडायचा. त्या वेळी डोक्यात दुसरं काही येऊच शकत नाही. तालमीनंतर सगळे मिळून रस्त्यावर अंडाभुर्जी खातात आणि अकरा कधी वाजले ते कळत नाही. गच्चीवर मिळत होतं ते सगळं इथे मिळतं: सोबत, टिंगल, उशिरापर्यंतच्या गप्पा.

गाण्याची आवड असेल तर ‘खल्वायन’ ही संस्था इथे मासिक संगीत सभा भरवते आणि संगीत नाटकंही करते. जानेवारीत ‘आर्ट सर्कल’चा संगीत महोत्सव थिबा राजवाड्याच्या आवारात होतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून इथे आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याच्यासाठी बांधलेल्या त्या वाड्यासमोर थंडीत शाल पांघरून रागदारी ऐकायची. एकट्याने गेलात तरी एकटं वाटत नाही.

शहराबाहेर जायची तयारी असेल तर गावागावांतल्या देवळांचे उत्सव आहेत. देवदिवाळी, रथसप्तमी, महाशिवरात्र. कशेळीच्या कनकादित्याचा रथसप्तमीचा उत्सव तर प्रसिद्धच. अनेक गावांत आरती, कीर्तन झालं की रात्री गावकऱ्यांचं नाटक असतं आणि मुंबईला असलेला मुलगा त्यात काम करायला रजा टाकून येतो. पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. ऑफिसातला शिपाई असो की साहेब, कुणाचं गाव कुठलं आणि उत्सव कधी एवढंच विचारा, आमंत्रण आपोआप येईल.

आता समुद्राकडे वळतो, पण फिरायला नव्हे. गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला या. मांडवीच्या जेटीवर किंवा भाट्याच्या पुलाकडे संध्याकाळी ओळीने माणसं उभी दिसतील. हातात काठी नसते बहुतेकांच्या, नुसता तंगूस (नायलॉनचा दोरा) बोटाला गुंडाळलेला, टोकाला गरी, म्हणजे गळाचा आकडा, थोडं वर शिशाचं वजन आणि आमिषाला सोललेल्या कोळंबीचा तुकडा. गोल फिरवून टाकायचा आणि तंगूस तर्जनीवर ताणून धरायचा. लाटेचा ओढा वेगळा, खडकाला गरी अडकल्याची ओढ वेगळी आणि मासा चाखतो तेव्हाची टिकटिक वेगळी. हा फरक बोटाला कळायला वेळ लागतो. घाईने ओढलं की आमिष गेलं. नशीब असेल तर तांबोशी लागते, नाहीतर शेंगटी. शेंगटी लागली तर शेजारच्याला सोडवायला सांगा, तिच्या काट्याने हात रात्रभर ठणकतो. सामान थोडक्या पैशांत येतं. मुख्य म्हणजे दोन्ही हात गुंतलेले असतात. ज्याने नुकतीच सोडली आहे त्याला हात रिकामे राहणं किती जड जातं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

यासाठी भरती-ओहोटीचं गणित शिकून घ्या. इथली जुनी माणसं घड्याळात न बघता सांगतात: तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा ढोबळ हिशेब आहे, थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरतो. पाणी चढत असताना गरी चांगली लागते, म्हणजे संध्याकाळी सातनंतर उभं राहायचं तर द्वादशी-त्रयोदशी उत्तम. कॅलेंडर घेऊन महिन्याच्या तारखांवर खुणा करून ठेवा. पुढच्या आठवड्यात अमुक दिवशी आपला कार्यक्रम आहे, हे माहीत असणं हीच अर्धी सुटका आहे. पावसाळ्यात मात्र खडकावर आणि जेटीच्या टोकाला अजिबात जाऊ नका.

याच गणितावर एक रविवार सांगतो. पौर्णिमा किंवा अमावास्या रविवारी आली की सकाळी लवकर निघा. आरे-वारेचा समुद्राकडेचा रस्ता, गणपतीपुळे, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, मग जयगड. तिथून जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, गाडी चढवून शास्त्रीची खाडी ओलांडा आणि पलीकडे तवसाळला उतरा. पुढे हेदवीला समुद्राकाठी उमामहेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ आहे, खडकातली एक अरुंद भेग. भरतीचं पाणी आत घुसतं आणि कोंडलं की उभं फवाऱ्यासारखं वर उसळतं. उधाणाला, अकरा-साडेअकराच्या सुमारास तिथे पोहोचलात तर खरा जोर दिसेल. घळीच्या काठापासून लांब उभे राहा, खडक निसरडा असतो. हेदवीत जेवून परत फिरा आणि पाचनंतर आरे-वारेला थांबा, तेव्हा ओहोटीने पुळण (वाळूचा किनारा) रुंद झालेली असेल. पाण्यात उतरायचा मोह मात्र टाळा. आरे-वारे आणि गणपतीपुळे, दोन्हीकडे माणसं बुडाली आहेत.

आणखी एक दिवस कातळशिल्पांसाठी, म्हणजे जमिनीवरच्या कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांसाठी ठेवा. उक्षीचा हत्ती जवळ, कशेळीचा त्याहून प्रचंड आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेले. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथे सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) कोरलेल्या माणसापाशी होकायंत्र ठेवलं तर सुई भलतीकडे फिरते, त्या कातळातल्या चुंबकीय गुणामुळे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे या रत्नागिरीच्याच मंडळींनी वर्षानुवर्षं सडे तुडवून ही चित्रं शोधली आणि २०२२ मध्ये त्यांतली काही युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. रेषा उथळ आहेत, भर दुपारी डोळ्यांना काहीच दिसत नाही. सकाळी किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उन्हात सावली धरून चित्र उठतं. चित्रावर पाय देऊ नका.

गावखडीला कासवांची अंडी जपतात. नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले माद्या किनाऱ्यावर येतात आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. पिल्लं सोडताना बघायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये आधी चौकशी करून जा, कारण वेळ पिल्लं ठरवतात.

शिमगा आणि गणपती हे दोन सण मात्र तुम्हाला जरा जपून घ्यावे लागतील, कारण त्या गर्दीत पिणारेही असतात. तरी घरात बसू नका. बारा वाड्यांच्या श्री देव भैरीची पालखी फाल्गुन पौर्णिमेला निघते तेव्हा अख्खं शहर रात्रभर जागं असतं. मागे घोळक्यात रेंगाळण्यापेक्षा पालखीजवळ चाला. गणपतीत जाखडी बघायला गावात जा: मध्ये ढोलकीवाला आणि शाहीर, भोवती पायात चाळ बांधून गोल नाचणारी पोरं, आणि शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे दोन पक्षांच्या शाहिरांचे, सवाल-जवाब पहाटेपर्यंत. त्या नाचाला दम लागतो आणि शाहिराच्या सवालाला तिथल्या तिथे जवाब द्यायला डोकं ताळ्यावर लागतं.

बाकी लहानसहान गोष्टी. जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, सभासद व्हा. झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे, कुणी लहान मूल आलं तर त्याला घेऊन जा. डोंगराची ओढ असेल तर ‘रत्नदुर्ग माउंटेनिअर्स’चे कार्यक्रम असतात. हिवाळ्यात कुठल्यातरी मैदानावर दिवे लावून कबड्डी चालूच असते. उभ्या उभ्या दोन सामने बघितले की साडेदहा.

ऑफिसातल्या मंडळींना तोडू नका, असं मला मनापासून वाटतं. त्यातल्या निम्म्यांना दारूपेक्षा एकत्र जमणं हवं असतं, फक्त दुसरा बेत कुणी मांडत नाही म्हणून तेच चालू राहतं. तो तुम्ही मांडा. ‘येताय का कधी?’ असं मोघम विचारलं तर कुणी येत नाही. ‘रविवारी पहाटे साडेपाचला मारुती मंदिरापाशी, जयगडची जेटी, दुपारी हेदवीत जेवण’ असं नेमकं सांगा. निघायची वेळ पहाटेची ठेवलीत की आदल्या रात्रीचं बसणंही काहीजण आपणहून टाळतात. आणि कुणी आग्रह केलाच तर कारणं देत बसू नका. ‘मी घेत नाही, सोलकढी सांग’ एवढं पुरे. कोकणात ती कुठेही मिळते.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. तुम्ही आधी रोज आणि भरपूर घेत असाल आणि बंद केल्यावर हात थरथरणं, घाम, झोप उडणं, भास होणं असलं काही झालं तर ते अंगावर काढू नका. अचानक बंद केल्यावर फिट येऊ शकते, लगेच डॉक्टरांकडे जा. तसं काही नसेल तर आज उठून सावरकर नाट्यगृहाबाहेर कुठल्या प्रयोगांचे फलक लागलेत ते बघून या, आणि तालमी कुठे चालतात ते तिथेच कुणाला तरी विचारा.