शाळेला निघतो, पण पोचत नाही

धारूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय, भाचीकडून लिहून घेतलेलं. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. रोज दप्तर-डबा घेऊन निघतो, पण शेजारच्या गावातल्या शाळेत महिन्याकाठी जेमतेम आठ दिवस पोचतो. बाकीचे दिवस पाझर तलावावर. कळलं तेव्हा वडिलांनी दाव्यानं मारलं, तेव्हापासून तो घरात बोलत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, नाव कमी करू. वडील म्हणतात, या दसऱ्याला आमच्याबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्यावर नेऊ. "ताई, माझं लेकरू वाया चाललं का?"

नाही बाई, वाया गेलेलं नाही. तुमच्याच पत्रात दोन ओळी आहेत, त्या मी परत परत वाचल्या. एक, "मागच्या साली त्याला संगट नेलं होतं." दुसरी, "वहीत नुसत्या तारखा हायेत, खाली कोरं पान."

मागच्या हंगामात तो तुमच्याबरोबर ऊसतोडीच्या कोपीवर (झोपडीवर) होता, म्हणजे सातवीचं अर्धं वर्ष बुडालं. बैजिक राशी सातवीत शिकवतात, आठवीत त्यांचे अवयव पाडायला सांगतात. ज्यानं पहिलं पाहिलंच नाही, त्याला दुसरं काय कळणार? तरी तो वर्गात बसला, वही उघडली, तारीख घातली. फळ्यावरचं कळेना म्हणून पान कोरं राहिलं. असं रोज सहा तास बसणं तुम्हा-आम्हालाही सोसलं नसतं.

मी बावीस वर्षं शिकवलं. कारखान्यावरून परतलेली मुलं मागच्या बाकावर येऊन बसायची आणि मी आपला पुढचाच धडा चालू ठेवायचे. ती यायची बंद झाली की मी त्यांना आळशी म्हणायचे. त्याचं आजही वाईट वाटतं.

आता त्याला "शाळेत का जात नाहीस?" असं विचारू नका. त्या प्रश्नामागून मार येतो हे त्याला माहीत आहे. संध्याकाळी भाकरी थापताना जवळ बसवा आणि विचारा, "कोणत्या तासाला जड जातं रे?" ऊसतोड्याचं पोर म्हणून कुणी 'कोयत्या' असं चिडवतं का, सर मारतात का, हेही हळूच काढून घ्या. लगेच बोलणार नाही. चार दिवस थांबा. त्याच्या वडिलांना माझा निरोप द्या: भाऊ, दावं उचलू नका. मारानं पोरगं शाळेच्या वाटेला लागलेलं मी पाहिलेलं नाही, घर सोडून गेलेलं पाहिलंय.

मग दोघं शाळेत जा, भांडायला नको. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवी पूर्ण होईपर्यंत कुणालाही शाळेतून काढता येत नाही, मारणं आणि मानसिक छळ यांनाही बंदी आहे. मागे पडलेल्या मुलाला जादा शिकवणं हे शिक्षकाचं काम म्हणून त्याच कायद्यात लिहिलंय. गणिताच्या सरांना एवढंच म्हणा, "सातवीच्या पुस्तकापासून सुरू करा, रोज अर्धा तास." ऐकलं नाही तर शाळा व्यवस्थापन समितीत जा. तिच्यात पाऊण सदस्य तुमच्यासारखे पालकच असतात.

आणि दसऱ्याचं. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलीय, कोयता, म्हणजे तुम्ही दोघं, जाणारच, हे मला कळतं. पण त्याला नेऊ नका. नेलंत तर आठवीही अर्धी राहील, नववीत तो पाऊल ठेवणार नाही. सासूबाई गावी आहेत, त्यांच्याजवळ ठेवा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. मूल नातेवाइकाकडे राहतं, जेवणाची व्यवस्था शाळेमार्फत होते. तुमच्याकडे यंदा आहे का, हे मुख्याध्यापकांना आत्ताच विचारा, मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी दारात आल्यावर नको. तुमच्याबरोबर जाणाऱ्या चार घरांनाही सोबत घ्या. एकटीचं ऐकतील न ऐकतील, पाच जणींना परत पाठवणं अवघड.

वडील डबा बंद कर म्हणत असले, तरी तो मात्र बंद करू नका. तलावावर बसला तरी तो तुमच्या हातची भाकरी खातोय.

मुख्याध्यापक काय म्हणाले, ते भाचीकडून कळवा.