बफरच का ऑसिलेट होतो?

तुमचं सर्किट थोडक्यात असं: टीएल०७२ हा ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) गेन १० ला, म्हणजे सिग्नल दहापट करताना, शांत चालतो, पण तोच बफर म्हणून (गेन १, आउटपुट थेट इनपुटला परत जोडलेलं) लावून पुढे १० मीटर कोॲक्स केबल जोडली की आउटपुटवर दोनेक मेगाहर्ट्झची लहर उठते. बफरमध्ये तर एकही रेझिस्टर नाही, मग बिघडायला आहेच काय, असं तुम्ही विचारलंय.

स्टॅबिलिटीच्या दृष्टीने बफर हेच सगळ्यात अवघड सर्किट. गेन १० ला आउटपुटचा दहावा हिस्सा फीडबॅक म्हणून इन्व्हर्टिंग पिनवर (सिग्नल उलटा करणाऱ्या इनपुटवर) परत येतो, बफरमध्ये सगळाच्या सगळा. टीएल०७२ची गेन-बँडविड्थ (जिथे त्याचा स्वतःचा गेन १ वर येतो ती फ्रीक्वेन्सी) सुमारे ३ मेगाहर्ट्झ, त्यामुळे पहिल्या सर्किटचा लूप गेन (फीडबॅकची एक फेरी पूर्ण केल्यावरचा गेन) ३०० किलोहर्ट्झलाच १ वर येतो, दुसऱ्याचा ३ मेगाहर्ट्झला. तोवर फेज किती मागे पडलीय, म्हणजे आउटपुटची लहर किती अंशांनी रेंगाळतेय, सगळा खेळ त्यावर: १८० अंश झाले की फीडबॅक लहर दाबण्याऐवजी वाढवतो.

आता केबल. मीटरला साधारण १०० पिकोफॅरड, म्हणजे एकूण १ नॅनोफॅरड. ऑप-अँपचा आतला आउटपुट रेझिस्टन्स १०० ओहम धरा, की १.६ मेगाहर्ट्झला एक नवा पोल तयार, म्हणजे गेन उतरवणारी आणि फेज मागे ओढणारी आणखी एक जागा. ३०० किलोहर्ट्झला तो जेमतेम ११ अंश खातो. या पोलमुळे बफरचा लूप गेन आता २ मेगाहर्ट्झच्या आसपासच १ वर येतो, आणि तिथे मात्र तो पन्नासेक खातो. ऑप-अँपची स्वतःची फेज आधीच मागे पडलेली असते, मग शिल्लक काय राहणार?

ऑप-अँपच्या आतलं कॉम्पेन्सेशन (स्टेबल राहण्यासाठी गेन मुद्दाम उतरवणं) या केबलचा हिशोब धरून केलेलं नसतं. १९६५च्या ७०९ या ऑप-अँपला ते बाहेरून लावावं लागायचं. १९६८च्या ७४१मध्ये त्यासाठीचा ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर (मिलर कपॅसिटर) चिपमध्येच आला. तो ५ हर्ट्झपासूनच गेन उतरवायला लागतो. त्याची किंमत म्हणजे ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद एवढाच स्लू रेट (आउटपुट बदलण्याचा कमाल वेग), कारण पहिल्या स्टेजच्या तुटपुंज्या करंटवर तोच कपॅसिटर भरायचा असतो.

उपाय: सप्लाय पिनला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे ना, ते आधी बघा. मग आउटपुट आणि केबलच्या मध्ये १०० ओहम टाका, फीडबॅक मात्र रेझिस्टरच्या आधीच्या टोकावरून घ्या. लोडवर डीसी अचूक हवं असेल तर फीडबॅक केबलच्या बाजूने १० किलोओहममधून आणा आणि ४७ पिकोफॅरड थेट आउटपुट पिनवरून इन्व्हर्टिंग पिनला जोडा. जास्त चांगला ऑप-अँप म्हणून एनई५५३४ बसवू नका. बाहेरच्या कपॅसिटरशिवाय तो गेन ३ च्या खाली स्टेबल नाही.

तपासायला १०० मिलिव्होल्टची स्क्वेअर वेव्ह द्या. कडेला एकच छोटा उंचवटा दिसला तर चालेल, चार-पाच दिसले तर रेझिस्टर वाढवा. ऑसिलोस्कोपचा प्रोब ×१० वर ठेवा. ×१ वर प्रोबचेच शंभरेक पिकोफॅरड लोडमध्ये मिसळतात.