चिरलेली काळी टाकी आणि दोन निळे ड्रम: दोन खोल्यांच्या घरात काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत दोन खोल्या, मागं छोटं परडं, वर पत्रा. नवी टाकी बसवल्यावर जुनी ५०० लिटरची काळी टाकी रिकामी झाली, ती तळाला चिरलीय. शिवाय दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम पडून आहेत. भंगारवाल्याचा भाव ऐकून द्यायचं मन होत नाही. घरातच काही उपयोग होईल का, आणि व्हिडिओत दाखवतात तसा ड्रमचा सोफा जमेल का?

सोफ्याचं आधी सांगून टाकतो: नको. ड्रम अर्धा कापला की बसायची उंची बरोबर येते, हे खरं. पण ड्रम गोल आणि खोली चौकोनी. गोल वस्तू चौकोनी जागेत ठेवली की जागेचा साधारण पाचवा हिस्सा कोपऱ्यांत वाया जातो, आणि त्या कोपऱ्यात झाडूही धड शिरत नाही. शिवाय कापलेल्या प्लास्टिकला खालून लोखंडी सांगाडा द्यावा लागतो, वर फोम, त्यावर कापड. उद्यमनगरात वेल्डिंग करून हे सगळं होईपर्यंत जेवढे पैसे जातील तेवढ्यात बरा लाकडी बाक येतो. व्हिडिओतली घरं मोठी असतात हो. गोल वस्तूला शक्यतो परड्यातच काम द्यायचं, आणि घरात घ्यायचीच तर तिनं दोन कामं केली पाहिजेत.

नळकाम हा माझा धंदा, त्यामुळं टाकीकडं पाणी धरणारी वस्तू म्हणून बघायची सवय. पण जी भिंत पाणी बाहेर जाऊ देत नाही ती बाहेरचं पाणी आतही येऊ देत नाही, आणि पंचगंगेजवळच्या पेठेत हा दुसरा गुण जास्त कामाचा आहे.

म्हणून पहिला ड्रम पुरासाठी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांना गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे तुम्हाला सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. लोकांनी अंथरुणं, मुलांची पुस्तकं, मिक्सर सगळं माळ्यावर टाकलं आणि अंगावरच्या कपड्यांनी बाहेर पडले. जिथं पाणी माळ्यापर्यंत पोचलं तिथं ते सगळं चिखलात गेलं.

आता तुमचे ड्रम कुठल्या जातीचे आहेत ते बघा. एका जातीला वरून दोन बुचं असतात, ते पातळ मालाचे. दुसऱ्याचं पूर्ण तोंड उघडतं आणि झाकण लोखंडी रिंगनं आवळून बसतं, रिंगला खटका असतो. पुराच्या कामाला हा दुसराच पाहिजे. झाकणाच्या आतलं रबर शाबूत आहे का ते बघा. आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद टाका, रिंग आवळा, ड्रम आडवा करून अर्धा तास नळाखाली धरा. कागद कोरडा निघाला तर ड्रम पास. रबर गेलं असेल तर तेवढं रबर बदलून मिळतं.

असा बंद ड्रम पाण्यात जवळपास दोनशे किलोपर्यंत तोलतो. आत ५०-६० किलो सामान भरलंत तर तो तरंगतो आणि दोन तृतीयांश पाण्याच्या वर राहतो. जड सामान तळाला ठेवा, म्हणजे फार कलंडणार नाही. खिडकीच्या गजाला दोरी बांधा, पण दोरी ड्रम छतापर्यंत वर येऊ शकेल एवढी लांब ठेवा. आखूड बांधली तर पाणी चढेल तसा ड्रम पाण्याखाली ओढला जातो, सगळा दाब झाकणावर येतो आणि केलेलं फुकट जातं. सातबारा, दाखले, पासबुकं यात ठेवू नका, ती पिशवीत घालून बरोबर घ्या. आणि पुराचं पाणी आधी गाठतं त्या सुतारवाड्यात ते शिरल्याची बातमी आली की भरायला घ्या, आपल्या दारात यायची वाट बघू नका.

पूर काय दरवर्षी येत नाही. बाकीच्या महिन्यांत याच ड्रममध्ये वाकळा, ब्लँकेटं, पाहुण्यांची अंथरुणं ठेवा. वर दोन फुटी प्लायचा तुकडा टाकला की इस्त्रीचं टेबल झालं. हा एक ड्रम घरात चालेल. फक्त आत ठेवायचं ते कडकडीत वाळवून ठेवा, कारण बंद ड्रमला ओल बाहेर सोडायचा रस्ता नसतो. ऑक्टोबरच्या उन्हात एकदा सगळं बाहेर काढायचं.

काळ्या टाकीकडं येतो. चीर एम-सीलनं किंवा पीव्हीसीच्या सोल्युशननं बुजवता येईल का, हे मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. टिकत नाही. या टाक्या पॉलिथिलीनच्या, आणि पॉलिथिलीनला कुठलाच साधा चिकटपदार्थ धरत नाही. चार दिवस बरं दिसतं, मग पापुद्रा सुटून येतो. गरम हवेच्या गननं त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून सांधता येतं, पण चीर तळाला, आणि वर ५०० लिटर म्हणजे ५०० किलो पाणी बसणार. अंगावरची चीर मी सांधून दिली असती, तळाची नाही. तिला आता कोरडं काम द्या.

तुमच्याकडं अंघोळीचा बंब पेटत असेल किंवा परड्यात चूल असेल तर या टाकीसारखं शेणी आणि जळण ठेवायला दुसरं काही नाही. पावसाळ्यात पत्र्याखालचं जळणसुद्धा दमट हवेनं आणि झडीनं भिजतं. करायचं असं: चिरलेला तळ कापून काढा आणि टाकी आहे तशीच, तोंड वर ठेवून, विटांच्या टेकूवर फळ्या टाकून त्यावर बसवा. वरचं झाकण घट्ट. पाऊस वरून येत नाही, जमिनीची ओल खालून येत नाही. समोरच्या बाजूला दीड फूट रुंदीचं दार कापा, पण टाकीच्या अंगावर जे आडवे कडे असतात त्यातलं वरचं एक आणि खालचं एक सोडून. त्या कड्यांवरच तिचा ताठरपणा आहे, ती कापली की टाकी पोटात चेपते. कापून निघालेला तुकडाच दाराला वापरायचा, बिजागरी नटबोल्टनं बसवायची, मोठे वायसर घालून, नाहीतर बोल्ट प्लास्टिकमधून ओढून निघतो. करवतीच्या जाडीएवढी फट राहते, तिच्यावर जुन्या ट्यूबची पट्टी वरून ठोकली की पाणी ओघळून बाहेर पडतं. मागच्या बाजूला, झाकणाच्या खाली, दोन-चार भोकं हवेला ठेवा.

जळण नसेल तर हीच टाकी खोरं, पाटी, सायकलचा पंप, रंगाचे डबे यांची खोली होईल. कोंबड्यांचं खुराडं करायचा विचार असेल तर काळ्या रंगाचा विचार करा. एप्रिल-मेच्या उन्हात काळी टाकी आतून तापते, आणि ती सावलीत नसेल तर कोंबड्या मरतील. शेणींना उन्हाचं काही नाही, उलट बरंच.

कापायला ग्राइंडर घेऊ नका. प्लास्टिक वितळून चाकाला चिकटतं आणि कड दातेरी होते. एक भोक पाडायचं, त्यातून जिगसॉचं पातं घालायचं आणि सावकाश चालवायचं. नुसतं आक्सा ब्लेडही चालतं, वेळ लागतो एवढंच. कापलेली कड हाताला धारदार लागते. बागेच्या जुन्या पाइपला लांबीत चीर देऊन तो कडेवर दाबून बसवा.

दुसरा ड्रम पावसाच्या पाण्याला. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचा २०० चौरस फूट पत्रा धरला तर १० मिलिमीटरच्या सरीत १८० लिटरच्या वर उतरतं, म्हणजे एका बऱ्या सरीत ड्रम भरतो. बुचाच्या जातीचा ड्रम असेल तर उत्तमच, पन्हाळीचा पाइप एका बुचातून आत आणि दुसऱ्यातून ओव्हरफ्लो बाहेर. खाली चावी बसवायला होल सॉनं भोक पाडून रबरी वायसरचा टँक निपल लावा. चिकटवायच्या भानगडीत पडू नका, कारण वर सांगितलंच. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्या, त्यात पत्र्यावरची धूळ आणि चिमण्यांची घाण असते. हे पाणी संडासाला, फरशीला, झाडांना. प्यायला नाही. बुचांच्या तोंडाला आणि ओव्हरफ्लोला बारीक जाळी बांधाच. डेंग्यूचा डास असल्याच साठ्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. त्याची अंडी ड्रमच्या अंगाला चिकटून कोरड्यातसुद्धा महिनोन्महिने टिकतात. म्हणून ड्रम रिकामा केला की नुसता उपडा करून ठेवू नका, आतून घासायला पाहिजे. बुचाच्या ड्रममध्ये हात जात नाही, तिथं मूठभर खडी आणि थोडं पाणी घालून गडबडा लोळवा.

धान्याचं. निळ्या ड्रममध्ये वर्षाचा तांदूळ ठेवला तर, असं बरेच जण विचारतात, तुमच्याही डोक्यात असणार. त्या ड्रममध्ये आधी काय होतं ते पक्कं माहीत असेल तरच. आपल्याकडं असे ड्रम शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून भंगारात येतात. कशात तेल, कशात ॲसिड, कशात आणखी काय. धुतल्यावर वास गेला म्हणजे माल गेला असं नाही, प्लास्टिक थोडंफार पिऊन बसतं. माहीत नसेल तर धान्य, पीठ, प्यायचं पाणी, लोणचं, काहीच नको. धान्याला नवीन, खाद्यपदार्थांसाठीचा म्हणून मिळणारा ५० लिटरचा ड्रम घ्या. त्यात चाळीसेक किलो तांदूळ बसतो आणि खाटेखाली सरकतो, दोनशेचा ड्रम भरला तर तो दीडशे किलोचा होऊन जागचा हलत नाही. धान्य उन्हात वाळवून लगेच गरम भरू नका. रात्रभर गार होऊ द्या, नाहीतर बंद डब्यात त्याला घाम सुटून बुरशी येते. कडुलिंबाचा वाळलेला पाला थराथरात घालायचा, तो आजीच्या काळापासून चालत आलाय आणि चालतो. पण धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या, ज्यांतून फॉस्फीन वायू निघतो, त्या घरात आणूच नका. दोन खोल्यांत झोपायचं आणि त्याच हवेत तो वायू. माणसं मेलीत त्यानं.

पुरात एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या नव्या टाकीबद्दल. ती खाली परड्यात असेल तर पाणी यायच्या आधी ती पूर्ण भरून झाकण आवळा. रिकामी टाकी पुराच्या पाण्यात नाव होते, निपल-पाइपसकट उपटून शेजारच्या गल्लीत जाते. भरलेली जागची हलत नाही, आत आणि बाहेर पाणीच. पूर ओसरल्यावर मात्र ते पाणी ओतून द्यायचं आणि टाकी ब्लीचिंग पावडरनं धुवायची.

आणि ती माळ्यावर चढवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. घरातल्या स्लॅबचं गणित साधारण चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून करतात. हजार लिटरची टाकी जेमतेम एका चौरस मीटरवर बसते आणि भरली की एक टन. पाचपट. माळा तर तेवढाही धरलेला नसतो. टाकीला जाड भिंतीचा किंवा खांबाचा टेकू पाहिजे, नाहीतर लोखंडी स्टँड जमिनीवर.

काळ्या टाकीचा कापून निघालेला तळ टाकू नका. चिरेसकट तो एक उथळ परात आहे, कोथिंबीर, मेथी, लसूणपात यांना वीतभर मातीच लागते आणि पाणी निथळायला चीर आयतीच आहे. परड्यात ओल्या कचऱ्याचं खत करायचं असेल तर रसवंतीवाल्याकडून उसाचा चोथा मागून आणा, तो आनंदानं देतो. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट चोथा घातला की वास येत नाही. त्यासाठी तिसरा ड्रम घ्यायची गरज नाही, भोकं पाडलेला रंगाचा २० लिटरचा डबाही चालतो.

लहान मूल घरात असेल तर परड्यातल्या पाण्याच्या ड्रमला कायम झाकण, आणि झाकणावर त्याला न हलणारं वजन. गुडघाभर पाणीही त्याला बुडायला पुरतं.

ड्रमावर जुन्या लेबलचा तुकडा शिल्लक असेल तर काय छापलंय ते इथं लिहा. त्यावरून पावसाच्या पाण्याला चालेल की भंगारवाल्यालाच द्यायचा, ते सांगता येईल.